दुसऱ्या घरचं अंडं

डॉक्टर हाइमान केम्पनर मंत्रालयातून घरी परतला तेव्हा त्याची आई त्याचंच सुतक धरून बसली होती. ज्यू घरांत सुतकात टाकतात तशी आरशावर चादर टाकलेली. म्हातारी ब्लूमे, म्हणजे आई, चुलीपाशी बुटक्या चौरंगावर, अंगाभोवती शाल घट्ट लपेटून, पायांत नुसते मोजे घालून.

"कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं.

"तू," आई म्हणाली. "दार लाव आधी, गार वारा येतोय."

त्याची बायको येटा बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "मीच सांगितलं," ती म्हणाली. "माझ्याच्यानं लपवणं होईना."

सांगण्यासारखं होतंच. येत्या रविवारी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती होतो आणि मग प्राध्यापकपद स्वीकारतो, असा होकार द्यायला हाइमान सकाळी येटाला सांगून गेला होता, आणि देऊन आला होता. सगळ्या बर्लिनमध्ये कुणी फोडली नसतील इतकी कोंबडीची अंडी या माणसाने फोडली होती. दिवसा मज्जातंतूंचे रोगी तपासायचे आणि उरलेला वेळ मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. पिल्लाच्या रक्तातली एक पेशी मधोमध आवळत जाते आणि तिच्या दोन होतात, हे त्याने पाहिलं. पेशी पेशीतूनच जन्मते, आपोआप उगवत नाही, असं तो सांगू लागला तेव्हा विद्वान मंडळी हसली. पुढे त्यांच्यातल्याच एकाने तेच स्वतःच्या नावावर खपवलं, तेव्हा टाळ्या पडल्या. ज्यू माणसाला प्राध्यापक करायचं नाही, धर्म बदलला तर मात्र उद्या करू, हा तिथला न्याय; आणि धर्म सोडणाऱ्याचं मेल्यासारखं सुतक धरायचं, हा त्याच्या घरचा. वीस वर्षं हाइमान नाही म्हणत आला. पण नाही म्हणायलाही अंगात रग लागते, आणि त्याची रग संपली होती. मी तरी त्याला बोल लावणार नाही.

"अजून झालेलं नाही, आई. रविवारी आहे."

"मग मी जरा लवकर बसले. ते राहू दे, सुतकात अंगावरचं वस्त्र फाडायचं असतं, तर झगा कोणता फाडू तेवढं सांग. काळा चांगला आहे रे, त्याला कात्री लावणं जिवावर येतं."

"थट्टा पुरे!"

"थट्टा? सकाळपासून पोटात कण नाही माझ्या."

"मी बार्लीचं सूप दिलं होतं," येटा म्हणाली. "हात लावला नाही त्यांनी."

"कसा लावू? सुतकातला पहिला घास घरचा चालत नाही, शेजाऱ्यांनी आणायचा असतो. तुझे वडील गेले तेव्हा पोझेनच्या आपल्या गल्लीने टोपलीभर उकडलेली अंडी आणली होती. इथे वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना काय सांगू? मुलगा वारला, तो बघा जिन्यात शिंकतोय?"

येटाला हसू फुटलं, आणि लगेच तिने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

हाइमानचे पाय दुखत होते, डोकं दुखत होतं. आईशी वाद घालायचं त्राण नव्हतं. तो मागच्या खोलीत गेला, प्रयोगासाठी आणलेल्या टोपलीतून एक ताजं अंडं घेतलं आणि चुलीवरच्या आधणात सोडलं. उकडल्यावर सोललं आणि बशीत घालून आईपुढे धरलं.

"घे, खा एकदाची."

आईने हात पुढे केला नाही. "कुणाच्या घरचं?"

"म्हणजे?"

"आपल्या घरचं असेल तर मला चालणार नाही. तू दुसऱ्या घरचा झाला असशील तर चालेल, आत्ता खाते. नीट सांग बाबा, म्हातारीला भूक लागलीय."

हाइमान बशी धरून उभा राहिला. मंत्रालयात सकाळी होकार सहज देऊन झाला होता. इथे 'दुसऱ्या घरचं' एवढंच म्हणायचं होतं. तेवढं त्याच्याने म्हणवेना. पद गेलं, ते त्याला स्पष्ट दिसलं. या म्हातारीवर आपण उद्या संतापणार, तेही दिसलं.

"घरचंच आहे," तो म्हणाला.

"मग तूच खा. येटा, माझं सूप गरम कर ग. आणि मला कुणीतरी उठवा."

त्याने बशी ठेवली आणि तिला हात दिला. ती कण्हत उठली तशी शाल खांद्यावरून घसरली. आत तिचा तो चांगला काळा झगा होता, गळ्यापासून छातीपर्यंत फाडलेला.

"आई..."

"शिवून होईल," शाल सावरत ती म्हणाली. "तू आधी खाऊन घे."