हाउसिंगच्या आतलं कुंकू

मच्छे गावातल्या आमच्या कारखान्यात अणुभट्टीचे भाग बनतात, हे मी नातेवाइकांना सांगणं आता बंद केलं आहे. सांगितलं की पहिला प्रश्न केसांचा येतो, गळतात का म्हणून. दुसरा, घरी आल्यावर आधी आंघोळ करतेस ना? माझ्या आत्यानं सहा महिने माझ्या हातचा चहा घेतला नाही. अहो, आमच्याकडे युरेनियमचा कणही येत नाही. येतो स्टीलचा ओंडका आणि त्याच्याबरोबर कागदांची फाईल. ओंडक्याचं वजन कमी होत जातं, फाईलचं वाढत जातं. दोन्ही एकदाची संपली की ट्रक भरायचा.

या नव्या धर्तीच्या छोट्या अणुभट्ट्या अशाच तयार होतात. भाग कारखान्यात बनवायचे, जागेवर नेऊन जोडायचे. आमच्या वाट्याला आलं होतं हाउसिंग, म्हणजे पुरुषभर उंचीची जाड नळी. भट्टी आवरायला जी दांडी वरखाली होते, ती हिच्या आतून जाते. असं पहिलं हाउसिंग आणखी तीन कारखान्यांनाही दिलं होतं; ज्याचं काम पटेल त्याला पुढची अकरा मिळणार होती.

मी कल्याणी, क्वालिटीची इन्चार्ज. म्हणजे कारखान्यातली खाष्ट सासू. त्या स्टीलला मिठाचं वावडं असतं. मिठातल्या क्लोराईडचा अंश जरी राहिला तरी वर्षांनी नेमका तिथेच तडा जाऊ शकतो. म्हणून उघडा हात लावायचा नाही, साध्या मार्करनं लिहायचं नाही, साधी चिकटपट्टी लावायची नाही. अशी तेवीस कलमं मी मराठीत आणि कानडीत लिहून भिंतीवर लावली होती. ती वाचून आमचे जुने टर्नर रवळूअण्णा म्हणाले होते, "आक्का, घामाबिगर काम व्हतंय व्हय?" पण हातमोजे घालणारे पहिले तेच.

अण्णा उचगावचे. पस्तीस वर्षं लेथवर. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला आक्का म्हणतात. हाउसिंगला हात लावायचा तर परीक्षा द्यावी लागे, आणि पास होणाऱ्याला स्वतःच्या नंबरचा पितळी शिक्का मिळे. एकेक काम संपलं की तो शाईत दाबून कार्डावर उठवायचा. अण्णांचा नंबर सात. पस्तीस वर्षांत त्यांनी हजारो भाग कातले, सगळे मालकांच्या नावानं गेले. सात नंबर मात्र त्यांचा एकट्याचा होता; तो शिक्का ते कायम खिशात ठेवत. पहिल्या कार्डावर शिक्का उठवल्यावर ते शाई वाळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

खंडेनवमी आली. सगळी मशिनं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून झाल्या. कोहळा फुटला, चुरमुरे वाटले. मी प्लास्टिकनं झाकलेल्या हाउसिंगशेजारी पोलिसासारखी उभी होते. मालकांनी नारळाला बोलावलं म्हणून दोन मिनिटं गेले असेन.

दसऱ्यानंतर कामावर आल्या आल्या मी प्लास्टिक काढलं आणि आरसा धरून आत दिवा मारला. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढ्या अंतरावर नळीला आतून एक पायरी आहे. त्या पायरीवर हळदीचं बोट, आणि त्यावर कुंकवाचा टिकला. अगदी मध्यावर. मी आधी फोटो काढला, मग कडेपासूनचं अंतर मोजलं, मग खुर्चीत बसले.

तेवीस कलमांत कुंकवाचा उल्लेख नव्हता.

आमचे मालक श्रीनाथ धावत आले. आत वाकून बघितलं आणि सवयीनं नमस्कारही केला.

"पुसून टाक की गं. शुक्रवारी इन्स्पेक्टर येतीया. कुंकूच हाय, शेण न्हाय."

"कुंकवात काय असतं, सर?"

"भक्ती असत्या."

"आणि?"

मालकांनी पूजेच्या ताटातली पुडी मागवली. पुडीवर देवीचा फोटो होता. घटक कुठेच लिहिलेले नव्हते.

करारातलं कलम सरळ होतं. परका पदार्थ लागला तर तसा रिपोर्ट लिहायचा, भाग ठरल्या पद्धतीनं धुऊन तपासायला पाठवायचा, आणि ज्यानं लावला त्याचा शिक्का वर्षभरासाठी रद्द. अण्णांना निवृत्त व्हायला पाच महिने उरले होते. म्हणजे वर्ष काय आणि जन्म काय, सारखंच. ते कुंकू अण्णांचंच आहे हे विचारायचीही गरज नव्हती. ती पायरी कातलेला माणूस एकच. तरी मी त्यांना बोलावलं. हातात अॅसिटोनचा फडका तयार ठेवला होता. खोटं कशाला सांगू, मी पुसणारच होते.

"अण्णा, हे कुणी लावलं?"

"मीच लावलो."

"कशाला?"

"तुमीच म्हणालता न्हवं, एकदा बसलं की साठ वर्सं तितं कुणाचा हात पोचायचा न्हाय. म्हटलं, बंद व्हायच्या आदी एकदा लावून घ्यावं."

"मी पुसते. तुम्ही काही बघितलं नाही, मीही नाही."

अण्णांनी फडक्याचं दुसरं टोक धरलं.

"न्हाय आक्का. आज माजं कुंकू म्हणून पुसशिला. उद्या माज्या हातनं आत चरा पडला, तर तो बी माया करून झाकशिला? लिवा."

"शिक्का जाईल तुमचा."

"म्हायत हाय. कलम वाचूनच सही केलोय."

मला भयंकर राग आला. आधी त्यांचा, मग कलमाचा, मग स्वतःचा, कारण वर्षभर हेच सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडणारी मीच होते. बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुतलं आणि फॉर्म लिहायला बसले.

परका पदार्थ: हळद, कुंकू. प्रमाण: एक बोट. कारणाच्या रकान्यात मी 'श्रद्धा' लिहिलं आणि खोडलं, कारण पुढच्याच रकान्यात ते कारण कायमचं कसं दूर करणार हे लिहायचं होतं. मग 'सूचनाफलक अपुरा' असं लिहिलं.

शुक्रवारी काम देणाऱ्या कंपनीच्या इन्स्पेक्टर सौम्या मॅडम आल्या. हुबळीकडच्या, तिशीच्या, हसण्याचं काम घरी ठेवून येणाऱ्या. फॉर्म त्यांनी दोनदा वाचला. अण्णांना कानडीत काही विचारलं, अण्णांनी कानडीतच शांतपणे उत्तरं दिली. हाउसिंग ठरल्या पद्धतीनं धुतलं, आतून पुसलेले बोळे प्रयोगशाळेत गेले. आठ दिवस मालक जेवले नाहीत असं त्यांच्या घरून कळलं. निकाल आला: अंश मर्यादेच्या पुष्कळ आत. हाउसिंग पास.

उरलेल्या अकरांचा निरोप द्यायला मॅडम स्वतः आल्या. मालकांनी पेढे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत.

"आणखी तीन कारखाने बघितले," त्या म्हणाल्या. "तिघांच्याही फाइलीत वर्षभरात एक चूक नाही. माणसं काम करतात आणि एक चूक नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून काम तुम्हाला."

मालक अण्णांना मिठी मारायलाच निघाले होते. मी विचारलं, "मग शिक्क्याचं काय?"

"तो रद्दच राहील," मॅडम म्हणाल्या. आवाज जरा खाली आला, एवढंच. "कलम आहे."

रद्द झालेला शिक्का साक्षीदारासमोर नष्ट करावा लागतो. मालकांनी हातोडी आणायला सांगितली. अण्णा म्हणाले, "हातोडी कशाला? आणा हिकडं." त्यांनी तो स्वतःच्या लेथवर चकमध्ये धरला, चष्मा खाली ओढला आणि टूल लावलं. पहिल्या कटात सातचा आकडा गेला. खरं तर काम तिथेच संपलं होतं. अण्णांनी आणखी एक बारीक कट घेतला, कडांची धार मोडली, पितळेचा कीस झटकला आणि शिक्का माझ्या हातात दिला.

"बघून घ्या, आक्का. सपाट आलंय का."

नष्ट केलेल्या वस्तूची सपाटी कुणी तपासत नाही. मी तपासली. केसभरही फरक नव्हता.

मग कार्ड भरलं. काम: शिक्का क्रमांक सात नष्ट करणे. साक्षीदाराच्या रकान्यात मी सही केली आणि कार्ड अण्णांपुढे सरकवलं. काम करणाऱ्याचा रकाना रिकामा होता. अण्णांनी शाईचं पॅड जवळ ओढलं, झाकण उघडलं, आणि खिशात हात घातला.

हात बराच वेळ खिशातच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.