जयवंतची सतरंजी

वाडीच्या जागी बावीस मजली इमारत उभी राहिली, तेव्हा जयवंत राणेला काहीच वाटलं नाही. लोक हात मिळवत होते, तो हसत होता, एवढंच.

सतराव्या वर्षी देवगडहून गिरगावात आला, तेव्हा तो याच वाडीतल्या विठ्ठलाच्या सभामंडपात झोपायचा. बदल्यात कीर्तनाआधी सतरंजी अंथरायची, नंतर गुंडाळायची. हे देवळाची व्यवस्था बघणाऱ्या सरोजिनीकाकूंनी ठरवून दिलं होतं. पुढे नळजोडणी, छोटे ठेके, मग इमारती. शेवटी हीच वाडी पुनर्विकासासाठी त्याच्याकडे आली. काकूंनी सगळ्यांच्या शेवटी सही केली.

"कीर्तन होतं तसंच झालं पाहिजे, जयवंता. बाकी तू बघ."

"तसंच होईल, काकू."

आज एकादशी. इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, नव्या सभागृहात पहिलं कीर्तन. काकू वॉकर धरून दारातच थांबल्या. आत दीडशे लाल खुर्च्या, जमिनीत बोल्टने घट्ट बसवलेल्या. समोर उंच मंच. काकूंच्या मागे त्यांची सून अनुजा जुनी सतरंजी सांभाळत उभी.

"राणेसाहेब, पॉपकॉर्न कुठे मिळेल?" अनुजाने विचारलं.

काकू हसल्या नाहीत. "बुवा रंगात येऊन पुढे आले, तर कुठे येतील रे? आणि बुक्का लावायला मी या रांगांत कशी शिरू?"

जयवंत खुर्च्यांकडे बघत राहिला. नकाशा त्यानेच पास केला होता. इतकी वर्षं सतरंजी अंथरली आणि खाली जमीन मोकळी ठेवायचं सुचलं नाही.

"काढून टाकतो, काकू. दोन दिवस द्या."

"बुवा खाली येऊन बसलेत. आजचं बोल."

त्याने अनुजाच्या हातातली सतरंजी घेतली. तळमजल्यावरच्या पार्किंगमधून आपली गाडी आणि शेजारच्या दोन बाहेर काढायला लावल्या. मोकळ्या झालेल्या जागेत तो सतरंजी अंथरू लागला. आधी मधली घडी उलगडायची, मग कोपरे ताणायचे. हातांना सगळं आठवत होतं. त्याला मात्र आत काही हललेलं जाणवलं नाही.

माणसं दाटीवाटीने बसली. बुवांनी चिपळ्या उचलल्या. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, आणि काकू वॉकर टेकत एकेकाच्या कपाळाला बुक्का लावत निघाल्या. जयवंत सर्वांत मागे, कडेला बसला होता.

त्याच्या कपाळावर बोट टेकवून त्या म्हणाल्या, "शेवटपर्यंत बसतोस ना? गुंडाळायची आहे."

"बसतो."

डोळे भरून येतील म्हणून त्याने वाट पाहिली. नाही आले. त्याने सतरंजीची कड हाताने सारखी केली. बुवांनी उत्तररंगाला सुरुवात केली होती.