शकूने अर्धी सोडलेली गोष्ट

मी श्यामकांतच्या घरातला टीव्ही. लाकडी पेटी, सरकतं शटर, चार पाय, चित्र काळं-पांढरं. त्र्याऐंशी साली भांडुपच्या चाळीत आलो, तेव्हा त्याच्या बायकोने, प्रेमाकाकींनी, मला हळदकुंकू लावलं. श्यामकांत चाळभर सांगत फिरला, "या रे सगळे, आपलंच घर समजा!" मला मालकाचा केवढा अभिमान वाटला होता! आज त्याचा आवाज ऐकला तरी शिसारी येते.

रविवारी सकाळी माझ्यावर एक परदेशी मालिका लागायची, ग्रह-ताऱ्यांची. सगळी इंग्रजीत. यान उडायचं तेव्हा वरची दोरी दिसायची, आणि परग्रहावरचे खडक धक्का लागला की हलायचे. तरी खोली भरायची, ती शकूमुळे. शकू म्हणजे शेवटच्या खोलीतल्या अंबादासांची कॉलेजात शिकणारी मुलगी. उंबऱ्याबाहेर बसून ती प्रत्येक वाक्य मराठीत सांगायची. इंग्रजी मला तरी कुठे येतं? आवाज माझा, गोष्ट तिची. "यान कोसळतंय रे!" असं ती ओरडली की दोरी कुणाला दिसायचीच नाही.

एका रविवारी गोष्ट होती वाट चुकलेल्या परग्रहवासीयाची. यान मोडलेलं, घर लाखो मैल दूर. गावकरी त्याला वेशीच्या आत घेईनात. "तो म्हणतोय," शकू सांगत होती, "मला फक्त रात्रभर तुमच्यात बसू द्या." श्यामकांत ढसाढसा रडला. "काय माणसं आहेत रे ही! दगडाची!" म्हणत त्याने बनियनला डोळे पुसले.

तेवढ्यात प्रक्षेपण थांबलं, व्यत्ययाची पाटी आली. बोलून बोलून शकूचा घसा सुकला होता.

"काकी, जरा पाणी देता?"

प्रेमाकाकींनी घरातला स्टीलचा ग्लास भरून पुढे केला. श्यामकांतने तो वाटेतच धरला. पापण्या अजून ओल्या होत्या त्याच्या.

"हा नको. खिडकीतला फुटका कप आहे ना, त्यात दे तिला."

शेजारचा सहदेव माझ्याकडे बघत बसला, जसा काही ती पाटी वाचायलाच आला होता. मला उलटी करता आली असती तर तिथेच केली असती.

शकू उठली. इतक्यात चित्र परत आलं, ओठ हलू लागले.

"अगं शकू, चाललीस कुठे? पुढचं सांग ना!" श्यामकांत म्हणाला. खरंच म्हणाला!

"पुढचं तुम्हाला कळायचं नाही, काका."

ती गेली. मग प्रेमाकाकींनी नवऱ्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि भरल्या ग्लासानिशी तिच्यामागे चालत गेल्या. त्या दिवसापासून रविवारची सकाळ त्या अंबादासांकडेच काढू लागल्या. श्यामकांत एकटाच माझ्यासमोर, न कळणाऱ्या इंग्रजीला मान डोलवत. त्या परग्रहवासीयाचं काय झालं, मला आजही ठाऊक नाही.

शकू बी.ए. झाली, बँकेत लागली, आईबापांना घेऊन मुलुंडला गेली. पेढे आले तेव्हा हा गृहस्थ म्हणतो कसा, "आमच्याच टीव्हीवर शिकली पोरगी!" आणि दोन पेढे उचलून खातो. तिच्या घरचे पेढे बरे चालले!

आता रंगीत टीव्ही आलाय, मी माळ्यावर. परवा तो बिघडला तर श्यामकांत म्हणाला, "जुना उतरवू या."

बाबांनो, मला भंगारात द्या. काच फोडा, पेटीत कोंबड्या पाळा. पण या माणसासमोर पुन्हा लावू नका. एखादी दुःखाची गोष्ट लागेल, त्याचे डोळे भरून येतील, आणि ते माझ्याच्याने बघवणार नाही.