चिकटवलेलं चित्र

आर्वीच्या सदाशिवराव डॉक्टरांना पुस्तकाशिवाय बाळंतपण जमत नाही, असं लोक हसत हसत म्हणायचे. हसू द्या की! ज्याला पुस्तक लागतच नाही असा डॉक्टर नशिबी आला नव्हता, म्हणून हसत होते. नागपूरहून आणलेला तो जाडजूड इंग्रजी ग्रंथ उचलताना धाप लागायची. अडलेली बाई आली की डॉक्टर आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि एकदा हात धुतले की पुस्तकाला शिवायची सोय नाही. कंपाउंडर पुरुषमाणूस, त्याला बाळंतिणीच्या खोलीत कोण येऊ देणार? बायको प्रमिलाबाई, रक्त पाहिलं की भिंत धरायच्या. उरली धाकटी बहीण मंदा. ती पुस्तक छातीशी उघडं धरून उभी राहायची, दादा सांगेल ते पान काढायची, आणि मान वर करून आढ्याकडे पाहत राहायची.

"आमची मंदा काही म्हणजे काही पाहत नाही हो," प्रमिलाबाई साऱ्या आळीला सांगायच्या. घरात लग्नाची पोरगी, सांगणं भागच होतं.

पाहत नाही कशाची! अहो, पानं काढणाऱ्या पोरीला देवानं डोळे दिले नव्हते की काय? दुपारी दादा खेड्यावर गेला की दवाखान्याचं दार लोटून ती पुस्तक मांडीवर घ्यायची. इंग्रजी यथातथाच, चित्रं मात्र पाठ. पोटात मूल आडवं असलं की डॉक्टरचा हात आत कसा जातो, मुलाचा कोणता पाय धरतो, ते मूल वळतं कसं, सगळं. तिला ते पाहायला आवडायचं. आवडतं हे मात्र तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

चोपन्न सालच्या कापसाच्या हंगामात अमरावतीचे पाहुणे मंदाला पाहायला येणार असं ठरलं. धड खुर्च्या दवाखान्यातच, म्हणजे बैठक तिथंच. प्रमिलाबाईंना घाम फुटला. मुलाचा बाप म्हणे वाचनवेडा, हाताला लागेल ते उघडून बसणार. पुस्तक लपवावं, तर डॉक्टरांची सक्त ताकीद, की ते जागचं हलवायचं नाही, अडलेली बाई केव्हा येईल सांगता येत नाही. आदल्या दिवशी डॉक्टर वर्ध्याला गेलेले. बाईंनी कणकेची खळ शिजवायला सांगितली, मंदानं शिजवून दिली, आणि जी जी चित्रं बाईंना नको तसली वाटली त्यांवर वर्तमानपत्राचे तुकडे बसले. नुसते कोपरे चिकटवले असते तरी भागलं असतं, पण बाईंचं काम पक्कं. "पाहुणे गेले की ओल्या फडक्यानं काढून टाकू," त्या म्हणाल्या.

पाहुणे आले, चिवडा खाल्ला, चहा प्याले, भाव-हंगामाच्या गप्पा मारल्या. पुस्तकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग होकार आला, घरात पेढे वाटले गेले, आणि त्या आनंदात कागदाचं कुणाला आठवलंच नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी रोहण्याहून बैलगाडी आली. गाडीत रंभा, श्रावणची बायको, पहिलटकरीण. सोबत सासू तानाबाई. मुलाचा हात आधी बाहेर आलेला.

डॉक्टरांनी तपासलं. "आडवं आहे. पाठ आईच्या पाठीकडं. फिरवावं लागेल." हात धुऊन ते वळले. "मंदे, ते पान काढ."

मंदानं पान काढलं. पानावर साबणाची जाहिरात होती.

"हे काय?"

प्रमिलाबाई गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात उभ्या होत्या. मंदानं नखानं कागद खरवडला, तर त्याच्याबरोबर चित्राचाच कोपरा निघून आला. रंभा ओरडत होती. असं मूल फिरवणं दादानं एकदाच केलेलं होतं, तेही मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

"पाठ मागं असली की वरचा पाय धरायचा की खालचा?" दादा स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. "मंदे, तू पाहिलंयस का गं कधी ते चित्र?"

वरचा. मंदाला ते पान डोळे मिटूनही दिसत होतं. वरचा पाय! पण तानाबाई आ वासून तिच्याकडे पाहत होती. दारातून वहिनीचे डोळे तिच्यावर रोखलेले. अमरावतीचा होकार आत्ता कुठं आलेला.

"इश्श, मी कुठं पाहते, दादा!"

दादानं खालचा धरला. मूल वळलं, पण भलत्या बाजूनं आलं, आणि डोकं आत अडकून बसलं. बाहेर काढलं तेव्हा ते रडलं नाही. मुलगा होता. दादानं त्याच्या तोंडात फुंकलं, पाठ चोळली, गरम पाण्यात धरलं, गार पाण्यात धरलं. व्यर्थ सगळं.

दुपारी दादानं ओलं फडकं घेऊन तो कागद हळूहळू सोडवला. मंदा दारातून पाहत होती. तो बराच वेळ त्या चित्रावर वाकलेला होता. मग पुस्तक मिटून ओट्यावर आला आणि तानाबाईला म्हणाला, "आणायला फार उशीर केलात."

उशीर थोडा झालाही होता. निव्वळ खोटं नव्हतं ते, म्हणूनच तर त्याला बोलता आलं!

झालं, तानाबाईला तेवढंच हवं होतं. "मी म्हनतच होती! पोटात दुखून राह्यलं अन् ही कापूस वेचाले गेलती. म्हने एवढी ओळ, एवढी पात संपवून येतो. खाल्लं न् माह्या नातवाले!"

रंभाला ताप भरला, म्हणून तिला मागच्या खोलीत ठेवून घेतलं. पेज मंदाच न्यायची. छातीत दूध दाटलं होतं, त्यावर बांधलेलं कापड मंदाच बदलायची. प्रत्येक खेपेला ते भिजलेलं असायचं.

"मीच मारलं त्याले, बाई," रंभा भिंतीकडे तोंड करून म्हणायची. "येवढी पात सोडली असती तं का बिघडत होतं?"

शेवटी मंदानं वहिनीपाशी तोंड उघडलं. प्रमिलाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "चूप! साखरपुडा तोंडावर आलाय. काय सांगू लोकांना, आमची मंदा तसली चित्रं पाहते?" आणि मग त्या स्वतःच मटकन खाली बसून रडायला लागल्या. "खळ मी लावली गं. तू कशाला जीव जाळतेस?"

ताप उतरला आणि श्रावण गाडी घेऊन आला. रंभा गाडीत बसली. तानाबाई डॉक्टरांच्या पाया पडून म्हणाली, "तुमी लई केलं, डाक्टरसायेब. हिलेच अक्कल नाई. आता वडनेरले मायकडं धाडून देतो. श्रावणले दुसरी पाहू."

रंभानं पदर तोंडावर ओढून घेतला. तिला स्वतःलाच ते पटलं होतं.

"तिच्यामुळं नाही झालं ते!" मंदा ओट्यावरून ओरडलीच. "वरचा पाय धरायचा होता. दादानं खालचा धरला. मला माहीत होतं. मी ती सगळी चित्रं पाहिली आहेत, रोज पाहते!"

"मंदे, आत जा," दादा म्हणाला.

"तू पण पाहिलंस, दादा. कागद काढून पाहिलंस."

"घाबरली आहे ती," दादा तानाबाईला म्हणाला. तो मंदाकडे पाहत नव्हता. "लहान आहे. तिला त्यातलं काय कळतं?"

"पोट्टीले दया आली जी," तानाबाई हसली. "लई मायेची हाये."

पण श्रावण हसला नाही. बैलाची वेसण धरून तो डॉक्टरांकडे पाहत राहिला. डॉक्टरांनी मान खाली घातली, ती काही वर येईना. तानाबाईचं हसूही मग विरलं.

रंभानं तोंडावरचा पदर काढला.

"वरचा पाय धरला असता तं थो जगला असता?"

"जगला असता," मंदा म्हणाली. मग खोटं वाटून म्हणाली, "बहुतेक जगला असता."

"मंग तवाच काऊन नाई बोलल्या?"

मंदानं सांगून टाकलं. "लाज वाटली."

रंभाच्या चोळीवर पुन्हा दुधाचे ओले डाग पडले होते.

"उघडी मी पडली होती, बाई," ती म्हणाली. "अन् लाज तुमाले वाटली?"