आहेराच्या पाकिटावरचा रुपया

कोपर स्टेशनजवळच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, आतल्या खोलीत, उत्तम तळवडेकर सकाळच्या चहापासून अटकेत बसले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून खाकी गणवेशातला एक माणूस त्यांच्याकडे बघत होता. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जायचं नाही, फोन बंद करायचा नाही, घरात कोणाला काही बोलायचं नाही, असं त्याने बजावलं होतं. यातलं काहीही मोडलं तर जीप येईल आणि सगळ्या सोसायटीसमोर बेड्या पडतील.

भानगड एका रुपयाच्या नाण्यावरून झाली होती.

तळवडेकर वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीच्या स्टोअर्समधून निवृत्त झाले होते. नाण्यांचा नाद त्यांना फार वर्षांपासून होता, पण तो राजेरजवाड्यांच्या नाण्यांचा नव्हे. रोजच्या सुट्ट्या पैशांत वेगळं काय निघतं, ते शोधायचं. सालाच्या खाली बारीक खूण असते. हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टाकसाळीचं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका नोएडाचा, आणि खूणच नसेल तर कोलकात्याचं. एखाद्या साली एखाद्या टाकसाळीने मोजकीच नाणी पाडलेली असतात, ती बाजूला काढायची. छाप सरकलेली निराळी ठेवायची. हल्ली मात्र सुट्टे पैसे हातात येईनासे झाले होते, भाजीवालीसुद्धा स्कॅन करायला सांगायची. त्यामुळे त्यांची सगळी भिस्त आहेराच्या पाकिटांवर होती. पाकिटावर चिकटवलेला रुपया बहुधा नवाकोरा असतो. घरात आलेल्या प्रत्येक पाकिटावरचा रुपया ते ब्लेडने अलगद सोडवत. पत्नी वैजयंतीने द्यायला म्हणून आणून ठेवलेली कोरी पाकिटंही त्यातून सुटत नसत. आपल्या घरातला आहेर भुंड्या कपाळाने जातो, असं ती चारचौघांत सांगायची.

मागच्या आठवड्यात अशाच एका पाकिटावरून तो रुपया निघाला. आपलं नाणं सिंहमुद्रा सरळ धरून डावीकडून उजवीकडे उलटलं की मागचा आकडाही सरळ दिसतो. या रुपयात आकडा डोक्यावर उभा होता. नाणं पाडताना एका बाजूचा साचा उलटा बसला होता. असं नाणं तळवडेकरांनी दुसऱ्यांकडे पाहिलं होतं, स्वतःच्या हाताला कधी लागलं नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो नाणी जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकले आणि खाली आपला नंबर दिला.

त्या नंबरवर आज गणवेशातल्या माणसाचा फोन आला.

तो हिंदीत बोलत होता. हे नाणं टाकसाळीतून चोरलेल्या बाद मालातलं आहे आणि पकडलेल्या टोळीच्या फोनमध्ये तुमचं नाव मिळालं आहे, असं त्याचं म्हणणं. त्याने आधारचा नंबर बिनचूक वाचून दाखवला. मुलगी घोडबंदर रोडला राहते हे त्याला माहीत होतं, तिचं नावही माहीत होतं. बँकेतली मुदतठेव आत्ताच्या आत्ता मोडून सरकारी खात्यात तपासणीसाठी जमा करायची, निर्दोष ठरलात की परत मिळेल, असं तो सांगत होता. नवराबायकोचं घर त्या ठेवीच्या व्याजावर चालत होतं. मोबाइलवरच ती मोडता येणार होती. तळवडेकरांचा अंगठा त्या बटणापर्यंत जाऊन परत आला होता.

पुढे त्या माणसाने एक कागद कॅमेऱ्यापुढे धरला आणि आरोप वाचला. हैदराबाद टाकसाळ, हिऱ्याची खूण.

तळवडेकरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "साहेब, हिरा मुंबईचा. हैदराबादचा तारा असतो."

"ज्यादा होशियारी नहीं," तो माणूस म्हणाला.

टाकसाळीतल्या चोरीचा तपास करणाऱ्याला टाकसाळीची खूण माहीत नाही, हे तळवडेकरांना त्याच क्षणी समजलं. समजलं तरी उठवेना. लिहिणाऱ्या कारकुनाची चूक असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आधारचा नंबर बरोबर होता. मुलीचं नाव बरोबर होतं. गणवेशातल्या माणसाची चूक काढायची सवय त्यांना नव्हती, आणि आत्ता काढली त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

तेवढ्यात दार ढकलून वैजयंती आत आली. सकाळी तिला त्यांनी दारातूनच मीटिंग आहे म्हणून सांगितलं होतं. नाणेवाल्यांची अशी मीटिंग अधूनमधून व्हायची आणि तेव्हा बोलायचं नाही, हे ती शिकली होती. ती ठेवणीतली साडी नेसली होती. तिच्या मावसबहिणीच्या मुलाचं, साकेतचं, विठ्ठलवाडीच्या हॉलमध्ये लग्न होतं. हातात आहेराचं पाकीट होतं. त्यावरची रुपयाची रिकामी जागा तिने नवऱ्याला बोटाने दाखवली, आणि कॅमेऱ्यात न येता, टेबलाच्या कडेला ठेवलेला तोच उलट्या छापाचा रुपया उचलला.

तळवडेकरांना मान हलवता येईना. त्यांनी डोळे मोठे केले. ते घाई करायला सांगताहेत असं तिला वाटलं. तिथल्याच बाटलीतला गोंद तिने पाकिटाला लावला, आकड्याची बाजू वर ठेवून रुपया दाबून बसवला आणि हळूच म्हणाली, "जेवायला तरी या."

"कौन है वहाँ?" मोबाइलमधून आवाज आला.

"कोई नहीं," तळवडेकर म्हणाले.

वैजयंती दारात थबकली. मग गेली. बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला.

"साहेब," तळवडेकर म्हणाले, "मुद्देमाल गेला."

कसला मुद्देमाल, ते त्या माणसाला कळेना. तळवडेकरांनी सांगितलं, रुपया. बायको घेऊन गेली, लग्नात देईल, पुन्हा सापडायचा नाही.

"अरे, सिक्के को मारो गोली. एफडी का बोलो."

 तळवडेकर उठले, चपला घातल्या आणि जिना उतरू लागले. फोन त्यांनी बंद केला नव्हता. खिशात तसाच चालू होता आणि आतून ओरडत होता.

सोसायटीच्या फाटकात पाण्याचा टँकर आडवा लागला होता, म्हणून वैजयंतीची रिक्षा अजून तिथेच होती. ते आत शिरले.

"खिशात कोण बोंबलतंय?" तिने विचारलं.

टँकर हलला, रिक्षा निघाली. तळवडेकरांनी सगळं सांगितलं, सांगताना आवाज खाली ठेवला. पैसे दिलेत का, एवढंच तिने विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग बंद करा ना तो."

"बंद करायचा नाही असं सांगितलंय."

तिने त्यांच्या खिशात हात घातला, कॉल तोडला, फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला. स्वतःच्या फोनवरून मुलीला विचारलं. मुलगी घरीच होती, ठीक होती. बँकेला मी कळवते, तुम्ही हॉलवरून थेट पोलीस चौकीत जा, असं मुलीने सांगितलं.

मग तळवडेकरांनी पाकीट मागितलं. गोंद ओला होता. नखाने रुपया सुटला असता.

"काढा," वैजयंती म्हणाली. "दुसरा रुपया कुठून आणू? नुसते पाचशे देऊ?"

त्यांनी रिक्षावाल्याला सुट्टा रुपया विचारला. त्याने समोर चिकटवलेल्या स्कॅनच्या कागदाकडे बोट दाखवलं.

"या रुपयासाठी उठलात," ती बाहेर बघत म्हणाली. "मी कोणी नाहीच. ऐकलं मी."

 तळवडेकरांनी नख बाजूला घेतलं आणि रुपया अंगठ्याने दाबून धरला. वरून बघणाऱ्याला तो साधा रुपया होता, आकडा सरळ. गोंद पक्का होईपर्यंत त्यांनी अंगठा हलवला नाही. मग पाकीट तिच्या हातात दिलं.

तिने ते पर्समध्ये, फोनच्या शेजारी ठेवलं. फोन बंद होता. तरी विठ्ठलवाडी येईपर्यंत तळवडेकर त्या पर्सकडे बघत ताठ बसून होते, चौकटीबाहेर न जाता.