भांड्यांवरचं नाव

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहायची वेळ आली तेव्हा भटजींनी अमितला विचारलं, "काय नाव ठेवायचं?" अमितने तोंड उघडायच्या आत त्याची आई विठा मागून म्हणाली, "रिद्धी."

नवरीला, म्हणजे विठ्ठलवाडीच्या करिष्माला, त्याचं नवल वाटलं नाही. तिला हे आधीच सांगून ठेवलं होतं. अमितचं हे दुसरं लग्न. पहिल्या बायकोशी रीतसर घटस्फोट झाला होता आणि तिचंही सासरचं नाव रिद्धीच होतं. आता एकाच घरात दोन सुनांना एकच नाव कशाला, असं कोणीही विचारील. करिष्माच्या आईनेही भीतभीत विचारलं होतं. त्यावर विठाने जे उत्तर दिलं ते मढवींच्या घराशिवाय दुसरीकडे कुठे मिळालं नसतं.

"अगो, हंडे, टोप, पराती, डबे, सगल्यांवर नाव घालून ठेवलंय. सौभाग्यवती रिद्धी अमित मढवी. उल्हासनगरला जाऊन मशिनीवर घातलंय, कोन फुकट घालून देत नाय. ती भांडी आता मोडीत घालायची काय?"

तर अशी भांडी वाचली आणि पोरीचं नाव मोडीत निघालं.  पहिल्याच दिवशी सासूशी वाद घालायचा नाही, असं करिष्माला आईने बजावलं होतं आणि भांडणं काय, पुढे जन्मभर करता येतात. पण परात घासताना त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांवरून हात फिरला की तिला दर वेळी वाटायचं, आपण दुसऱ्या कुणाची तरी भांडी घासतोय.

ती आणि अमित अंबरनाथ एमआयडीसीतल्या एकाच कंपनीत होते. तो मेंटेनन्सला, ती पॅकिंगला. तिथेच ओळख झाली. लग्नानंतर काही महिन्यांनी विठाच्या कटकटीला कंटाळून तिने नोकरी सोडली. इतक्या वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी आणि शेवटचा हिशेब मिळून पन्नास हजारांच्या आसपास पैसे यायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी रक्कम एकदम हातात येणार होती आणि ती कशाला लावायची हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. घरी बसूनही कटकट काही थांबली नव्हती आणि बदलापूरच्या एका कारखान्यात तिला सुपरवायझरची नोकरी मिळत होती. शिफ्ट अशी, की त्या वेळेला रिक्षा मिळायची मारामार, आणि रोज नवऱ्याकडे भाड्याला हात पसरायचा नाही हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. उल्हासनगरात एका सिंधी शेठकडे तिने जुनी पण चांगली स्कूटी बघितली होती आणि टोकनही दिलं होतं. "महिना एंड तक रखूंगा, बेटी. उसके बाद दुसरा गिऱ्हाईक आया तो मैं क्या करूं," असं शेठने हसत हसतच सांगितलं होतं.

पैसे मात्र येईनात. आधी कंपनीने ऑनलाइन पाठवले, ते परत गेले, कारण कंपनीत तिचं नाव बदलून रिद्धी झालं होतं आणि बँकेत अजून करिष्माच होतं. मग ती आधार, पॅन, बँक अशी सगळीकडे फिरून रिद्धी झाली. तोवर कंपनीने चेक काढून पोस्टाने पाठवून दिला होता. तो काही घरी आला नाही. शेवटी ती कंपनीच्या अकाउंट्समध्ये शशिकांत साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

साहेबांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "चेक तर कधीच वटला."

"मला मिळालाच नाही, तर वटेल कसा?"

"स्पीड पोस्टने गेलाय. पोच पण आहे. घेणाऱ्याचं नाव रिद्धी मढवी. म्हणजे तुम्हीच ना?"

"पाठवला कुठे?"

"बदलापूर, कात्रप." साहेबांनी इमारतीचं नावही वाचलं. "तुमच्या जुन्या रेकॉर्डला माहेरचा पत्ता होता, म्हणून अमितचा घेतला. नवरा-बायकोचा पत्ता एकच असणार ना?"

करिष्माची कानशिलं तापली. अमित पहिल्या बायकोबरोबर कात्रपला राहत होता, तिच्या भावाच्या फ्लॅटमध्ये. घटस्फोटानंतर तो आईकडे अंबरनाथला परत आला, पण कंपनीत पत्ता बदलून घ्यायचं या माणसाला सुचलं नाही. आणि त्या फ्लॅटमध्ये जी राहत होती, तिचं नाव रिद्धी अमित मढवीच होतं. पोस्टमनने बिचाऱ्याने चोख काम केलं होतं.

"साहेब, ती दुसरी आहे. त्यांची पहिली बायको. माझे पैसे मला परत द्या."

"कंपनीने पैसे दिलेत. एकदा दिलेले पुन्हा कसे देणार? ऑडिटवाले मला फाडून खातील. तुम्ही बँकेत विचारा."

वटलेल्या चेकच्या स्कॅनवरचा शिक्का बघून साहेबांनी शाखा सांगितली. तिथे काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे हात वर केले. "दुसऱ्या खातेदाराची माहिती मी देऊ शकत नाही. एवढंच सांगते, चेकवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच आहे. आमच्याकडून काही चुकलेलं नाही."

"पण मॅडम, रिद्धी मढवी मी आहे."

"त्या पण आहेत."

 करिष्माने आपलं नवं कोरं आधारकार्ड काउंटरवर ठेवलं होतं, ते उचलून पर्समध्ये टाकलं. हे नाव मिळवायला तिने रांगा लावल्या, फोटो काढले, शपथपत्रं केली, आणि ते हातात आल्यावर कळलं की ते आधीच दुसऱ्या कुणाचं आहे.

पोलीस चौकीत हवालदाराने चहा मागवला, तिलाही दिला. वाईट माणूस नव्हता तो. "ताई, तुमचं पटतंय मला. पण तिच्या नावाचा चेक, तिच्या पत्त्यावर, तिच्या खात्यात. चोरी म्हणू की फसवणूक म्हणू? घरातलं मॅटर आहे, घरात मिटवा. मिस्टर काय म्हणतात?"

मिस्टर म्हणत होते, "मी बघतो."

पहिल्या दिवशी म्हणाले, मी बघतो. आठवडा गेला तरी, मी बघतो. करिष्माने कात्रपला जायचं नाव काढलं की अमितचा घास हातातच राहायचा. "तू तिकडे जाऊ नकोस हां. उगाच तमाशा होईल. ती बाई भांडखोर आहे."

"मग तुम्ही जा."

"जाणार ना. टाइम कुठाय? शटडाऊन आहे कंपनीत, सगळ्या मशिनींची दुरुस्ती चालू आहे."

विठा स्वयंपाकघरातून म्हणायची, "तिनं खाल्ले असतील आता. ती तसलीच हाय. घटस्फोटाला माझ्या पोराकडून रक्कम उकळली, तरी पोट भरलं नाय."

ही रक्कम करिष्माला ठाऊक होती. लग्नाआधीच अमितने सांगितलं होतं, एकरकमी पैसे देऊन सगळं मोकळं केलंय, मुलीच्या शाळेचंही मीच बघतो. त्या बोलण्यावर भाळूनच तिने होकार दिला होता. जो माणूस सोडलेल्या बायकोचं देणं चुकवत नाही तो आपल्यालाही फसवणार नाही, असा तिचा साधा हिशेब होता.

महिना संपत आला. शेठचा फोन आला, दुसरं गिऱ्हाईक आलंय. त्या दिवशी करिष्माचं डोकं फिरलं. बँक म्हणते कंपनीत जा, कंपनी म्हणते बँकेत जा, पोलीस म्हणतात घरी जा आणि घरचा म्हणतो कुठेच जाऊ नको. तिने कपडे बदलले, सासूला काही न सांगता बाहेर पडली आणि रिक्षा करून थेट कात्रपला गेली. रस्ताभर ती काय काय बोलायचं त्याची उजळणी करत होती. लोकांचे पैसे पचत नाहीत, हे तर पहिलंच वाक्य होतं.

दार सात-आठ वर्षांच्या मुलीने उघडलं.  तेच मोठे कान, तीच खालचा ओठ चावायची सवय. अमितचा लहानपणीचा फोटो दारात येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं.

"राजसी, कोण आहे गं?" म्हणत एक बाई हात पुसत बाहेर आली. करिष्माला बघून तिने लगेच ओळखलं. बहुधा कुणीतरी लग्नाचे फोटो दाखवले असावेत. तिने मुलीला आत पाठवलं, दार पूर्ण उघडलं आणि म्हणाली, "या. भांडायला आलात तर बसून भांडा."

करिष्मा बसली. पाठ केलेलं पहिलं वाक्य काही आठवेना. तिने सरळ सांगून टाकलं. नोकरी, ग्रॅच्युइटी, पत्ता, चेक, स्कूटी, सगळं. ऐकता ऐकता त्या बाईचा चेहरा उतरत गेला.

"तो चेक तुमचा होता?"

"मग तुम्हाला काय वाटलं, कंपनी तुम्हाला कशाचे पैसे देईल?"

"पोटगीचे," ती म्हणाली. "वकील म्हणाले होते, तो देत नाही ना, आपण कोर्टाला सांगू, त्याच्या पगारातून कापून कंपनीच पाठवेल. अर्ज टाकलाय. चेक आला, वर कंपनीचं नाव, खाली माझं नाव. मला वाटलं, लागला एकदाचा निकाल. देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भरला."

"कसली पोटगी? तुम्हाला तर एकरकमी पैसे दिलेत ना?"

"कुणी दिले?"

तिने हे इतक्या साधेपणाने विचारलं की करिष्माला उत्तर कळून चुकलं. ती बाईच मग सांगत राहिली. दर महिन्याला अमुक एक रक्कम द्यायचं ठरलं होतं. पहिल्या दोन-तीन वेळा आली. मग नवं लग्न ठरलं आणि बंद झाली. फोन केला की तो म्हणायचा, मी बघतो.

ते दोन शब्द ऐकून करिष्माच्या अंगाचा भडका उडाला. ती घरून जो राग घेऊन निघाली होती, तो हा नव्हता. तो राग या बाईवर होता, आणि त्याला आता जागाच राहिली नव्हती.

"पैसे संपले," ती बाई मान खाली घालून म्हणाली. "राजसीची फी थकली होती, परीक्षेला बसू देत नव्हते. भावाला पण देणं होतं, किती दिवस फुकट राहणार त्याच्या घरात. मी फेडीन तुमचे. थोडे थोडे करून फेडीन. मला खरंच माहीत नव्हतं हो."

करिष्माने विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय?"

"विनिता. का?"

"काही नाही. मी करिष्मा."

विनिताने चहा ठेवला. साखर संपली होती, म्हणून राजसीला शेजारी पिटाळलं. चहा पिऊन झाल्यावर करिष्मा उठली आणि म्हणाली, "तुम्ही मला काही फेडू नका. चेक बरोबर माणसाला मिळालाय. दिला मात्र चुकीच्या माणसाने." जिना उतरताना तिने शेठला फोन लावला आणि स्कूटी दुसऱ्याला द्यायला सांगितलं. 

रात्री अमित जेवायला बसला. विठाने आतून हाक मारली, "रिद्धी, पानी आन गो त्याला."

करिष्मा जागची हलली नाही. विठाने पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला अमितने वर बघितलं. "ऐकू येत नाही का? आई बोलावतेय."

"आई रिद्धीला बोलावतायत. रिद्धी कात्रपला राहते. मी आज जाऊन आले तिच्याकडे."

अमितचा घास ताटात पडला. "तुला सांगितलं होतं ना, जाऊ नकोस म्हणून?"

"सांगितलं होतंत. का सांगितलं होतंत ते आज कळलं. राजसीची फी भरली गेली, तुमच्या पहिल्या बायकोची थकलेली पोटगी थोडी फिटली. माझ्या ग्रॅच्युइटीतून फिटली. म्हणजे तुमचं तिला देणं तितकं कमी झालं आणि मला देणं तितकं वाढलं. ते तुमच्या पगारातून द्या. आणि खोटं नाव घेऊन मी आता कुठे सही करणार नाही. उद्यापासून परत रांगेत उभी राहते, करिष्मा व्हायला."

"हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत."

विठा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मुलाने पैसे दिलेच नव्हते, हे तिलाही आत्ताच कळत होतं, ते तिच्या तोंडावर दिसलं. तिने मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारी बाई, पण तिला एवढंच सुचलं.

"आनि भांड्यांचं काय करायचं?"

करिष्माने फळीवरची परात काढली आणि दाराशी नेऊन ठेवली. मग हंडा, मग टोप, मग डबे. अमित उष्ट्या हाताने बघत बसला.

"ज्याचं नाव आहे त्याच्या घरी पोचवायची, आई," ती म्हणाली. "पोस्टमनला जमलं, तर आपल्याला का नाही जमणार?"