कोरडी परात

वैशाख पेटला होता. तापीकाठच्या केळीबागा माना टाकून उभ्या होत्या, धावपट्टीचं डांबर मऊ पडलं होतं, आणि धावपट्टीच्या टोकाला, वैमानिक-शाळेच्या हँगरच्या पत्र्यावर ऊन चढून बसलं होतं. वर निरभ्र, निश्चल, निष्ठुर आभाळ. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

आत दारं बंद, पंखे बंद. रेशीम उडतं म्हणून.

त्या कोंडमाऱ्यात दिगंबर खैरनार वाकून उभा होता. बावीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला. समोर छोट्या विमानाच्या इंजिनाचं रुपेरी पोट, दोन अर्ध्यांत उकललेलं. त्याच्या कडांवर सीलंटचा पातळ हात फिरवायचा, त्यावर रेशमाचा एक अखंड, अस्पर्श, अलवार दोरा निजवायचा, आणि दोन्ही अर्धी मिटून बोल्ट आवळायचे. सीलंटला हँगरात सगळे डिंक म्हणत. डिंक कमी पडला तर तेल गळतं, एवढं तर शिकाऊ मुलांनाही ठाऊक असतं.

आणि गळलं की परात.

ती त्या हँगरची रीत होती. इंजिन विमानाला चढलं की खाली जुनी पितळी परात सरकवायची. काळा थेंब पडला, की परातीच्या काठावर खडूनं मिस्त्र्याचं नाव. मागच्या दोन्ही खेपांना दिगंबरचं नाव लागलं होतं. “दिगूभाऊ, पुढच्या वेळी घमेलं आणू का?” सगळे हसले होते. तोही हसला होता. ते हसू त्याला अजून सलत होतं.

म्हणून त्या दुपारी त्यानं डिंकाचा दुसरा हात दिला. कोपऱ्यांत तिसरा. रेशीम बुडालं. अर्धी मिटली, बोल्ट आवळले गेले, आणि सांध्यातून डोकावलेला डिंक त्यानं फडक्यानं पुसून टाकला. जेवढा बाहेर आला तेवढाच आतही गेला असणार, हे त्याला पुसता पुसता कळलं. आत फडकं पोचत नाही.

इंजिन चढलं. इंजिन गर्जलं. तीन दिवस शिक्षकांनी ते उडवून पाहिलं, आणि तिन्ही दिवस परात कोरडी. कोरडी, लखलखीत, निष्कलंक! कुणीतरी कौतुकानं ती चिंचेनं घासूनही ठेवली. मुख्य अभियंते सय्यद साहेबांनी पेढे वाटले. “काय सांधा जुळवलात, दिगूभाऊ! एक थेंब नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिगंबरनं पेढा तसाच खिशात घातला.

कारण डोळे मिटले की तो त्या पोटात असे. तिथं काजळकाळा अंधार, तिथं तेलाच्या बारीक बारीक वाटा, आणि एका वाटेच्या तोंडाशी लोंबणारा डिंकाचा मणी. आज सुटेल, उद्या सुटेल, कदाचित कधीच सुटणार नाही. सुटला तर वाट बुजेल. वाट बुजली तर फिरता दांडा कोरडा पडेल, आणि इंजिन थांबेल. तेही आभाळात. सांगावं, तर टाळ्या परत द्याव्या लागणार. न सांगावं, तर श्वास घेता येत नव्हता. दोन अर्ध्यांच्या मधे तोच आवळला गेला होता, बोल्टामागून बोल्ट.

संध्याकाळी इरावती आली. चोपडा गावाहून आलेली शिकाऊ वैमानिक, एकोणीस वर्षांची. उद्या सकाळी सात वाजता ती पहिल्यांदाच एकटी उडणार होती.

“काका, तुमचंच इंजिन मिळालंय मला! बाबा येताहेत बघायला. त्यांना सांगून टाकलं, एक थेंबसुद्धा गळत नाही म्हणून.”

“हो बेटा,” तो म्हणाला. त्या दोन शब्दांची त्याला इतकी लाज वाटली, की तिच्याकडे बघवेना.

ती गेली. तांबूस, तिरपं, थकलेलं ऊन दारातून आत आलं आणि परातीत साचलं. त्या उन्हात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. तो खाली बसला. खिशातून खडू काढला, आणि कोरड्या परातीच्या काठावर सावकाश, ठसठशीत अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं.

तिथून जाणारे सय्यद साहेब थबकले. “अहो, थेंब कुठाय?”

“आत आहे, साहेब. डिंक जास्त लावलाय मी. एक हात जास्त, कोपऱ्यांत दोन. उघडावं लागेल.”

साहेबांनी वाकून परातीवरचं नाव वाचलं. मग म्हणाले, “विमान बांधून ठेवा.”

सकाळी इरावतीचे बाबा आल्या पावली परत गेले. ती रडली, आणि पुढचे कितीतरी दिवस दिगंबरच्या वाटेनं आली नाही. हँगरात कुणी हसलं नाही. तेच त्याला जड गेलं. साहेबांनी चूक त्याच्या नावावर लिहिली, इंजिन उतरवायला लावलं, आणि उकलताना त्याच्या शेजारी उभे राहिले. मणी होता. मसुरीएवढा, वाटेच्या अगदी तोंडाशी, एका तंतूवर लोंबत.

“आता पुन्हा तुम्हीच लावा,” साहेब म्हणाले.

पुन्हा दारं बंद, पुन्हा पंखे बंद. पातळ, पातळ, पातळ हात. त्यावर रेशीम, उघडं, शुभ्र, डोळ्यांना दिसणारं. त्या कोंडलेल्या उकाड्यात दिगंबरला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

शिक्षकांनी इंजिन पुन्हा उडवून पाहिलं. मग इरावतीची सकाळ उजाडली. विमानात चढण्याआधी ती त्याच्यापाशी येऊन थांबली. त्यानं तळहात पुढं केला. तळहातावर तो मणी. तिनं बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि आपल्या हातांनी त्याची मूठ मिटवली.

विमान गेलं. त्याच्या जागी उन्हात परात तेवढी उरली, काठावर नाव तसंच, त्यानं पुसू न दिलेलं. आवाज दूर गेला, वळला, परत आला. भरल्या गळ्याचा, अखंड, एकसुरी. दिगंबरनं वर पाहिलं नाही. तो परातीत बघत उभा होता. पितळेत आभाळ होतं, आणि आभाळात एवढंसं विमान, त्याच्या नावावरून सरकत, सरकत, सरकत गेलं.